चौथ्या भागाची मुदत

नागपूरच्या वैशाखात दुपारी बारा ते चार या वेळात रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, दुकानदार अर्धी फळी लावून आत पडून राहतात, आणि ज्या घरांत दाराला वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडण्याची सोय असते त्या घरांतही मुलांचा जीव रमत नाही. अशा वेळी महाल भागातील एका जुन्या वाचनालयाच्या बालविभागात, डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि खिडकीत गळका कूलर यांच्या भरवशावर, मी 34 उन्हाळे काढले. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जून संपता संपता उघडतात. त्यामुळे आमच्याकडे सुटी लांब, आणि सुटी लांब म्हणून पुस्तकांची भूकही मोठी. ही भूक बहुतेक वेळा एकाच दिशेला धाव घेई. ज्या पुस्तकात माणसे उडतात, अदृश्य होतात, पशुपक्ष्यांशी बोलतात आणि सात समुद्रांपलीकडच्या राक्षसाचा प्राण पिंजऱ्यातल्या पोपटात असतो, त्या पुस्तकांना आम्ही दप्तरी भाषेत 'अद्भुतरम्य' म्हणत असू; मुले नुसते 'जादूचं' म्हणत. "काकू, जादूचं द्या," हे वाक्य मी त्या टेबलामागे बसून किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही, आणि त्यापाठोपाठ, मुलाचा हात धरून उभ्या असलेल्या वडील माणसाचा तो ठरलेला प्रश्न: "हे याच्या वयाला चालेल ना?"

1976 साली मी रुजू झाले तेव्हा या प्रश्नाचे उत्तर तयारच होते. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी आणि कार्यकारिणीने मिळून तशी तजवीज करून ठेवली होती: कपाट क्रमांक एक चौथीपर्यंतच्या मुलांसाठी, दोन पाचवी ते सातवीसाठी, तीन आठवी ते दहावीसाठी, आणि एका वर्गाच्या मुलास दुसऱ्या वर्गाच्या कपाटातील पुस्तक पालकाच्या लेखी संमतीवाचून देऊ नये, असा ठराव इतिवृत्तात नमूद होता. त्या वयात इतिवृत्तात नमूद झालेली गोष्ट मला सृष्टिक्रमाइतकीच अटळ वाटे. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात रंगनाथनांचे 1931 सालचे पाच नियम आम्ही तोंडपाठ केले होते, आणि त्यांतले वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे व पुस्तकाला त्याचा वाचक, हे दोन नियम म्हणजे कपाटांची नीट मांडणी, एवढाच अर्थ मी काढला होता. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात जायचे हे कसे ठरे, याची चौकशी मी बऱ्याच उशिरा केली. पाने मोजून, अक्षराचा ठसा पाहून, आणि मुखपृष्ठावरील राक्षस आकाराने केवढा आहे त्यावरून ते ठरत असे.

वास्तविक मराठीत अद्भुताची वयवार वाटणी करण्याची रीत कधी नव्हती. आपली सुरुवातीची कादंबरी मुळी अद्भुतातच रमलेली. 1861 सालची हळब्यांची 'मुक्तामाला' काय किंवा 1868 सालची रिसबुडांची 'मंजुघोषा' काय, ही पुस्तके प्रौढांनी प्रौढांसाठी लिहिली, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टींचे भाषांतरही मुलांसाठी नव्हते. मोठ्यांचे वाचून झाले की ती पुस्तके, थोरल्याचा आखूड झालेला सदरा धाकट्याच्या अंगावर चढावा तशी, मुलांकडे येत. गो. ना. दातारांच्या कादंबऱ्या अशाच आल्या, नाथमाधवांचा 'वीरधवल' असाच आला. (नाथमाधव ऐन तारुण्यात सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखाली अधू झाले होते, ही गोष्ट मी एकदा पायाला प्लास्टर घातलेल्या एका मुलाला सांगितली, त्याने 'वीरधवल' तीन वेळा वाचला, त्यातली जुनी जडजंबाल भाषा त्याला कळली की नाही देव जाणे.) पुढे 1952 साली 'चांदोबा' मराठीत येऊ लागला, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या सफरी मराठीत आणल्या, आणि मुलांसाठी म्हणून वेगळे अद्भुत घरोघर पोहोचले.

माझ्या स्वतःच्या बाबतीत वयवार वाटणीचे काम वडिलांनी केले होते. ते जुन्या मध्य प्रदेशाच्या सचिवालयात कारकून होते. नागपूरचे राजधानीपण 1956 साली गेले तेव्हा मी चार वर्षांची होते, आणि त्या घटनेचे दुःख त्यांनी पुढची पंचवीस वर्षे जपले. 'सुरस गोष्टीं'चा जाड खंड त्यांनी फडताळात कुलूपबंद ठेवला होता आणि नवव्या वर्षी मी किल्ली शोधून काढली. वडील ज्या भागांना भीत होते, त्या अंतःपुरातल्या गोष्टी, मला अक्षरशः दिसल्याच नाहीत. डोळे त्यांवरून घसरून पुढे गेले. रोज एका राणीचा वध करणाऱ्या राजाचेही मला फारसे वाटले नाही, राजे असे करीतच असावेत अशी माझी समजूत होती. माझी झोप उडवली ती कोळ्याच्या गोष्टीने. बाटलीत कोंडलेला तो जिन्न आधी ठरवतो की जो सोडवील त्याला धनवान करीन, आणि शतकांवर शतके उलटली, कुणी आले नाही, तेव्हा शपथ घेतो की आता जो सोडवील त्याला ठार मारीन. उपकार करणाऱ्याला मरण! तो कोळी पुढे युक्तीने वाचतो हे ठाऊक असूनही मला कित्येक रात्री तेवढेच आठवत राहिले, आणि याबद्दल कुणाजवळ बोलायची सोय नव्हती, कारण पुस्तक कुलपातले होते.

ही आठवण माझ्याजवळ असूनही, टेबलामागे बसल्यावर मी तिचा उपयोग केला नाही. तो करायला इतवारीतल्या एका किराणा दुकानदाराने भाग पाडले. ते गृहस्थ एका सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच दारात येऊन उभे होते, हातात पुस्तक, आणि तक्रार अशी की, "मॅडम, पोरगा तीन रात्री झाल्या, झोपूनच नाही राहिला. राक्षसाचं कायले देता?" पुस्तक कपाट क्रमांक दोनमधले, मुलगा पाचवीतला, म्हणजे ठरावाप्रमाणे माझे काही चुकले नव्हते, आणि तसे मी त्यांना, आज आठवले की लाज वाटते अशा शब्दांत, ऐकवलेही. पण मुलगा मागे उभा होता. ते गेल्यावर तो घुटमळला, म्हणून मी विचारले की राक्षसाची भीती वाटली का रे. तो म्हणाला, राक्षसाचे काही नाही, राक्षस तर मरतो. मग कशाची? त्या कादंबरीत राजपुत्राचा शापाने पोपट होतो आणि तो उडत उडत आपल्या राजवाड्यात जातो, आईच्या खिडकीत बसून तिला हाक मारतो, आणि राणी दासीला सांगते, हा पोपट फार ओरडतो, याला हाकलून दे. "तिनं त्याले ओळखलंच नाही, काकू," असे म्हणून तो गप्प झाला. त्या जूनपासून त्याला शिक्षणासाठी अकोल्याला मामाकडे ठेवणार होते, हे मला दुसऱ्या कुणाकडून नंतर कळले.

त्या दिवशी मी ते पुस्तक घरी नेऊन वाचले. राक्षसाला अकरा पाने दिली होती, पोपटाला दीड. मुखपृष्ठावर अर्थातच राक्षस होता.

यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या. पहिली, न वाचलेले पुस्तक मुलाच्या हाती न देण्याची. ही ऐकायला सोपी आहे, पण वर्षाला दीडदोनशे नवी पुस्तके येत असताना ती पाळणे म्हणजे संसाराशी वैर. दुसरी, पालकांनी "वयाला चालेल का" विचारले की वयाबद्दल काही न बोलता, सध्या घरात काय चालले आहे, हे आडवळणाने विचारण्याची. आजी वारली आहे का, नवे भावंड आले आहे का, बदली होऊ घातली आहे का. पुष्कळांना या चौकशा अनाठायी वाटत; एका बाईंनी तर मला तोंडावर सांगितले की आम्ही पुस्तक न्यायला आलो आहोत, पत्रिका दाखवायला नव्हे. त्यांचे म्हणणे एका अर्थी रास्तच होते.

भुताखेतांविषयीचे माझे मत मात्र पुस्तकांनी बदलले नाही, मारबतीने बदलले. धंतोलीहून एक निवृत्त मुख्याध्यापक आपल्या नातवाला घेऊन येत. त्यांनी तक्रारवहीत सुंदर वळणदार अक्षरात लिहिले की राक्षस, चेटकिणी व वेताळ यांनी भरलेली पुस्तके कोमल मनांस अपायकारक असल्याने ती बालविभागातून काढून टाकावीत, आणि कार्यकारिणीने माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. मी खुलाशाचा मसुदा दोनदा फाडला. तेवढ्यात पोळा आला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्या दिवशी नागपुरात तान्ह्या पोळ्याची लाकडी बैलजोडी ओढत मुले हिंडतात, त्या दिवशी मी इतवारीच्या गर्दीत मारबत पाहायला उभी होते. 1880च्या दशकापासून या शहरात ही मिरवणूक निघते. काळी मारबत आणि पिवळी मारबत, राक्षसिणींच्या दोन मूर्ती, दोन्ही अक्राळविक्राळ, रस्ता भरून टाकणाऱ्या, मागे बडग्यांची, म्हणजे पुरुषी पुतळ्यांची, रांग, आणि रोगराई व संकटे घेऊन जा म्हणून हजारो कंठांतून उठणारा घोष. समोरच्या ओट्यावर ते मुख्याध्यापक नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते आणि दोघेही बेंबीच्या देठापासून ओरडत होते. नातवाच्या डोळ्यांत भय होते, हे खरे. पण त्याचे दोन्ही पाय आजोबांच्या मुठीत होते, आणि संध्याकाळपर्यंत ही बया गावाबाहेर नेऊन जाळली जाणार, हे त्या सगळ्या गर्दीला ठाऊक होते.

खुलासा मी दुसऱ्या दिवशी तीन ओळींत लिहिला. तो मंजूर झाला की फायलीत पडून राहिला ते कळले नाही, पुस्तके मात्र कपाटातच राहिली. मला त्या मिरवणुकीने एक खोड लावली, पुस्तकाचे शेवटचे प्रकरण आधी वाचण्याची. शेवट गोड असावा अशी माझी अपेक्षा नसे. अँडरसनच्या कितीतरी कथा रडवून संपतात आणि तरी त्या सात वर्षांच्या मुलाला देता येतात. मी एवढेच पाही की लेखकाने जे भय रस्त्यावर आणले आहे ते तो स्वतः गावाबाहेर नेतो, की मुलाच्या दारात टाकून निघून जातो.

हे सगळे कळल्यानंतर, म्हणजे नोकरीची पंचवीस वर्षे झाल्यावर, मी सर्वांत मोठी चूक केली. तिसरीत शिकणारी एक मुलगी होती, अशी चपळ वाचणारी की मोठी माणसे तिच्यापुढे लाजावीत. 'हॅरी पॉटर आणि परीस' तिने दोन दिवसांत परत आणले, दुसरा भाग तीन दिवसांत, तिसरा एका आठवड्यात. कोणत्याही पानावरचे विचारा, उत्तर तयार. तिच्या वाचनाचा मलाच गर्व वाटू लागला होता, आणि त्या गर्वात मी चौथ्या भागाचे शेवटचे प्रकरण वाचले असूनही न वाचल्यासारखे करून पुस्तक तिच्या हाती ठेवले. ते परत आले महिन्यानंतर, वर्तमानपत्राचे कव्हर घालून, आईच्या हातून. आईची तक्रार नव्हती. ती म्हणाली, पोरीला ड्रॅगनचे किंवा त्या पुन्हा देह धारण करणाऱ्या दुष्टाचे काही वाटले नाही, पण स्पर्धेत मेलेल्या मुलाच्या आईला हॅरी बक्षिसाचे सोने देऊ करतो आणि ती घेत नाही, तिथे ती अडली. "का नाही घेतलं?" असे ती रोज विचारते, आणि मला सांगता येत नाही.

मलाही सांगता आले नसते. ते कळायला वाचता येणे पुरत नाही, थोडे जगलेले असावे लागते, आणि जे मूल अक्षरे भराभर गिळते ते जगण्यातही तितकेच पुढे असेल असे मानण्याचा मोह शिक्षकांना होतो, आईबापांना होतो, तसा ग्रंथपालालाही होतो. मुलगी पुढे वर्षभर फक्त भूगोलाची पुस्तके नेत असे.

त्या प्रसंगाने एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या मालेचा पहिला भाग इंग्रजीत 1997 साली निघाला आणि सातवा 2007 साली. नायक अकरा वर्षांचा असताना ज्यांनी ती माला हाती धरली त्या मुलांना पुढच्या भागासाठी वर्ष, दोन वर्षे, एकदा तर तीन वर्षे वाट पाहावी लागली, आणि तेवढ्या काळात ती आपोआप मोठी झाली. लेखिकेने वाढवत नेलेला अंधार आणि वाचकाचे वाढते वय यांची सांगड कॅलेंडरनेच घातली होती. आमच्या कपाटात मात्र सगळे भाग खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आणि आठ वर्षांचे मूल एका उन्हाळ्यात अकराव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत पळत सुटले. म्हणून मी एक जुनाट उपाय केला. चौथ्यापासून पुढचे भाग कपाट क्रमांक तीनमध्ये कुलपात ठेवले आणि मुदत ठरवली: तिसरा भाग परत केल्यानंतर किमान एक दिवाळी गेल्यावाचून चौथा मिळणार नाही. हा नियम कुठल्याच इतिवृत्तात नव्हता. मुले त्याला 'काकूंची दिवाळी' म्हणत आणि मनापासून शिव्या देत.

याच सुमारास मला टोल्किनच्या 'हॉबिट'विषयीची एक हकीकत वाचायला मिळाली. 1937 साली ते पुस्तक छापण्यापूर्वी प्रकाशक अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाकडे, रेनरकडे, एक शिलिंग मोबदल्यावर अभिप्रायार्थ दिले. रेनरने पुस्तक पसंत केले आणि शिफारस केली की हे पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल. स्वतः दहा वर्षांचा! मूल जे पुस्तक नुकतेच वाचून उठते ते त्याला आपल्याहून लहानांचे वाटते. पायरी चढली की खालची ठेंगणी दिसतेच. हाच मुलगा पुढे त्याच प्रकाशनसंस्थेत गेला आणि 1954 साली 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापण्याचा आग्रह त्याने धरला, तेव्हा मात्र ते कुणाच्या वयाचे आहे असे त्याला कुणी विचारले नसावे.

ही हकीकत वाचून मी मुलांनाच अभिप्राय लिहायला सांगितले; शिलिंगाऐवजी दोन संत्रागोळ्या. पुस्तक परत करताना एका चिठ्ठीवर, आपल्या धाकट्या भावंडासाठी म्हणून, एक सूचना लिहायची आणि ती पुस्तकातच ठेवायची. या चिठ्ठ्यांनी मला जे शिकवले ते पदविकेच्या वर्गात शिकवले नव्हते. "यात कुत्रा मरत नाही, घाबरू नये." "पान 112 रात्री वाचू नये." "चेटकीण खोटी आहे पण सावत्र आई खरी वाटते." चौथ्या भागात नववीतल्या एका मुलाने लिहिले होते: "शेवटची प्रकरणे सुटीच्या दिवशी सकाळी वाचावी. आई घरी असताना." एकाही चिठ्ठीत वय किंवा इयत्ता नव्हती. कधी वाचावे, कुठे बसून वाचावे, जवळ कोण असावे, एवढेच मुले लिहीत.

उशीर करण्यानेही मी काही वाचक गमावले, हे कबूल करणे भाग आहे. 'जाईची नवलकहाणी' हे दे. ना. टिळकांनी मराठीत आणलेले 'अ‍ॅलिस' मी प्रथम सात वर्षांच्या मुलांना देत असे आणि ती गोंधळून परत करीत, म्हणून ते वरच्या कपाटात हलवले. पण तिथे गेल्यावर नववीची मुले त्याच्याकडे पाहीनात, कारण मुखपृष्ठावर ससा होता. त्या पुस्तकाचे वय अकरा-बाराच्या आसपासचे असावे आणि ते सहा-आठ महिन्यांहून अधिक टिकत नसावे, असा माझा कयास आहे. हिंदी 'चंद्रकांता'बाबत तर माझी कपाटे कुचकामी ठरली. 1994 साली दूरदर्शनवर मालिका सुरू झाली आणि चौथीतली पोरे ऐयारांच्या युक्त्या मलाच शिकवू लागली. तेरा वर्षांच्या एका मुलाला मी चुकून कपाट दोनमधले पुस्तक दिले तेव्हा त्याने ते मित्रांसमोर उघडले, पहिल्या पानावर "छोट्या दोस्तांनो" असे संबोधन होते. तो पुन्हा वाचनालयात आला नाही. त्याची अनामत रक्कम अजून जमा असेल.

2010 साली मी निवृत्त झाले. कार्यभार सोपवताना दाखल नोंदवहीप्रमाणे बालविभागातील पुस्तके एकेक करून पडताळली; नवा ग्रंथपाल तरुण, नीटस मुलगा होता, त्याने वयोगटांची यादी मागितली आणि मी त्याला तीन कपाटांचा तो जुना ठराव दाखवला. चार दिवस मोजणी चालली. सगळे भरले, एक पुस्तक भरले नाही: चौथा भाग. देवघेवीच्या वहीत ते कुणाच्याच नावे नव्हते. सहावीतली एक मुलगी मागच्या महिन्यात तीनदा ते मागायला आली होती, तिन्ही वेळा मी "दिवाळीनंतर" म्हणाले होते, आणि तिसऱ्या वेळी ती काही न बोलता बराच वेळ कपाट क्रमांक तीनपाशी उभी होती. त्या दुपारी मी कूलरमध्ये पाणी भरायला उठले तेव्हा किल्ली टेबलावरच राहिली होती. शेऱ्याच्या रकान्यात मी 'गहाळ' असे लिहिले, किंमत भरून पावती घेतली, आणि त्या प्रतीत नववीतल्या मुलाची चिठ्ठी अजून होती की कुणी खूण म्हणून दुसऱ्या पुस्तकात घातली, हे आठवत आठवत घरी गेले.